सोलरचा कोर्स करू की थेट कामाला लागू?

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला राहते, आयटीआय इलेक्ट्रिशियन पास आहे. ठाण्यातला एक क्लास 15 दिवसांच्या सोलर कोर्सचे 40 हजार मागतोय, नोकरीची गॅरंटी देतो म्हणतात. मैत्रीण म्हणते कोर्सबिर्स सोड, दोघी मिळून सरळ सोसायट्यांची कामं घेऊ. आणि बाबांना तर मी गच्चीवर चढणंच पसंत नाही. काय करू?

उत्तर : आधी ते 40 हजार देऊ नकोस गं. केंद्र सरकारने 2015 ला सूर्यमित्र ट्रेनिंग काढलं ते 600 तासांचं आणि फुकट, मग 15 दिवसांत हे काय शिकवणार आणि गॅरंटी तरी कसली देणार? वागळे इस्टेटच्या आयटीआयमध्ये जाऊन विचार, सरकारी बॅच किंवा अप्रेंटिसशिप कुठे मिळेल ते.

मैत्रिणीची मात्र घाई होतेय. सोलरचं वायरिंग घरातल्यासारखं नसतं, मेन स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर पॅनलमध्ये व्होल्टेज असतंच, आणि ओळीने जोडलेल्या पॅनलचं (त्या ओळीला स्ट्रिंग म्हणतात) डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, कितीतरी शे व्होल्टपर्यंत जातं, चालू लोडवर कनेक्टर ओढला तर आर्क, म्हणजे विजेचा जाळ होऊन हात भाजतो. म्हणून कुणा चांगल्या कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली वर्षभर तरी काम कर, मधला पावसाळा चुकवू नकोस. खाडीच्या हवेत नटबोल्ट कसे गंजतात, टाकीची सावली दोनच पॅनलवर पडली तरी अख्ख्या स्ट्रिंगचं जनरेशन कसं खाली येतं, हे गच्चीवरच कळतं.

कामं भरपूर आहेत. केंद्राच्या 2024 च्या सूर्यघर योजनेत, म्हणजे गच्चीवरच्या सोलरच्या योजनेत, घराला 3 किलोवॅटसाठी 78 हजार सबसिडी आहे, पण आपल्याकडे फ्लॅटवाल्याची स्वतःची गच्ची कुठे, त्यामुळे इथे खरं काम सोसायट्यांचं, लिफ्ट-पंप-जिन्याच्या लाइटसाठी किलोवॅटमागे 18 हजार मिळतात. तरी पॅनल बसवायच्या धंद्याला भांडवल लागतं, सबसिडीच्या कामाला व्हेंडर म्हणून नोंदणीही लागते. मला विचारशील तर ते वर्षभर शिकून झालं की दोघींनी मेंटेनन्सपासून सुरुवात करा. बसवून देणारे पुष्कळ आहेत, नंतर फोन उचलणारे कमी! पॅनल धुणं, अर्थिंग तपासणं, इन्व्हर्टरचा फॉल्ट बघणं, नेट मीटरचं (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं मीटर) बिल कमिटीला समजावून सांगणं, याचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घेता येतं. तोवर वायरमनच्या लायसन्सचं मार्गी लाव.

बाबांना पडण्याची भीती वाटत असेल तर ती खरी आहे, ती उडवून लावू नकोस, एकदा साइटवर घेऊन जा त्यांना. मुलीने हे काम करायचं नाही असं म्हणत असतील तर ते मला अजिबात पटत नाही. आणि जिथे सेफ्टी बेल्ट देत नाहीत तिथे पहिल्याच दिवशी नाही म्हण, नोकरी गेली तरी चालेल.