वाचक विचारतात : नाटकाचा जुना ऑर्गन

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यमंडळाकडे संगीत नाटकांसाठी घेतलेले दोन जुने पायाचे ऑर्गन आहेत. एकाची पेटी वाळवीने पोखरली आहे. दुसरा धड आहे, पण भाता हवा धरत नाही आणि चार-पाच सूर गप्प आहेत. एकाचे भाग दुसऱ्याला चालतील का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : दोन्ही एकाच कंपनीचे असतील तर बरेचसे चालतील, नसतील तर रीडच्या, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या पितळी भागाच्या, मापात फरक पडतो. आधी कंपनीचं नाव आणि क्रमांक टिपून घ्या. एस्टी किंवा मेसन अँड हॅम्लिन या अमेरिकी कंपन्यांचा असेल तर तो ओढीच्या हवेवर चालतो. हातपेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, इथे भाता ती आत ओढतो. त्यामुळे खोलीतली धूळ रीडवरूनच आत जाते आणि सूर गप्प होण्याचं ते नेहमीचं कारण असतं.

काहीही उकलण्यापूर्वी फोटो काढा. मग रीड. जाड पुठ्ठ्यावर ओळीने खाचा पाडून प्रत्येकीला क्रमांक द्या, कारण क्रम एकदा गेला की जुळवताना फार हाल होतात. रीडच्या टोकाच्या खाचेत बारीक आकडा अडकवून ती सरळ ओढायची. पावसाळ्यात लाकूड फुगून रीड घट्ट बसते. तेव्हा जोर करू नका, कोरड्या हवेपर्यंत थांबा. साफसफाई मऊ कोरड्या ब्रशने करा. रीडच्या जिभेखाली, म्हणजे थरथरणाऱ्या पातळ पातीखाली, कण अडकला असेल तर पातळ कागद सरकवून काढा. पॉलिश पेपर कधीही लावू नये, पितळ झिजलं की सूर हलतो. जिभेला मुद्दाम दिलेला बाक असतो, तोही सपाट करू नका.

गप्प सुरांना मोडक्या ऑर्गनमधली त्याच सुराची, त्याच लांबी-रुंदीची रीड बसवून पाहा. जीभ मुळाशी तडकलेली असेल तर ती रीड बादच.

भात्याला रेक्झिन नको. घडीवर ताठरतं आणि तडकतं. रबर घातलेलं सुती कापड आणि गरम सरस वापरा. सरस रात्रभर गार पाण्यात भिजवून, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून साधारण 60 अंशांवर वितळवा. उकळला तर त्याची पकड कमी होते. फेव्हिकॉलने चिकटवलेलं पुढच्या दुरुस्तीत सुटत नाही, लाकूडच उपसून येतं. जुनी स्प्रिंग सोडताना हात जपा.

मोडक्या ऑर्गनमधून रीड, वाजवायच्या पट्ट्या, स्टॉपच्या (आवाजाचा पोत बदलणाऱ्या खुंट्यांच्या) मुठी, स्प्रिंगा, झडपा, बिजागऱ्या आणि कंपनीची पाटी काढून ठेवा. झडपांची बनात (जाड लोकरी कापड) कसरीने खाल्लेली असते, ती नवी लावा. पट्ट्यांचं पांढरं आवरण सेल्युलॉइडचं असेल तर ते झटकन पेटतं, म्हणून विस्तव आणि थिनर दूर ठेवा. ते हस्तिदंती निघालं तर विकण्याचा विचारही नको. तो व्यवहार कायद्याने बंद आहे. पोखरलेलं लाकूड मात्र धड ऑर्गनच्या खोलीत आणू नका.

प्रश्न : सूर 440 हर्ट्झ या आजच्या प्रमाण पट्टीला मिळवून घ्यावा का?
– एक वादक, पुणे

उत्तर : सगळा ऑर्गन एकसारखा खाली-वर असेल तर नको. सूर चढवायला जिभेचं टोक खरवडावं लागतं, उतरवायला मूळ. दोन्हीकडे धातू कायमचा जातो. इतर साज त्याच्याशी मिळवता येतात. एखादाच सूर बेसूर असेल तर आधी रीड साफ करून पाहा.