वाचकांचे प्रश्न: इंटरनॅशनल शाळेचा फॉर्म भरण्याआधी

प्रश्न: मुलगी पाचवीत आहे, एसएससी बोर्डाच्या शाळेत. सहावीपासून तिला इंटरनॅशनल शाळेत घालायचा विचार आहे. घराजवळच्या एका शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' आहे, माहितीपत्रकात आयबीचा (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय मंडळाचा) उल्लेखही आहे. नेमकं काय तपासायचं? (एक आई, मुलुंड)

उत्तर: नावातल्या 'इंटरनॅशनल'वर अजिबात जाऊ नका. मुंबईत असं नाव लावणाऱ्या कितीतरी शाळा प्रत्यक्षात सीबीएसई, आयसीएसई किंवा राज्य मंडळाच्याच आहेत. पाहायची ती मान्यता, आणि तीही टप्प्याटप्प्याने. आयबी प्राथमिकच्या पीवायपीला, मधल्या एमवायपीला आणि शेवटच्या दोन वर्षांच्या डीपीला वेगवेगळी मान्यता देते. एका टप्प्याची मान्यता मिळाली म्हणजे पुढच्याची असतेच असं नाही. माहितीपत्रकात 'कॅन्डिडेट स्कूल' असं लिहिलेलं असेल, तर मान्यता अजून मिळालेली नाही, प्रक्रिया चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. आयबीच्या वेबसाइटवर शाळेचं नाव टाकलं की कोणत्या टप्प्याला मान्यता आहे ते दिसतं. केंब्रिज या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या शाळाही त्याच्या वेबसाइटवर शोधता येतात.

मग शाळेला एकच प्रश्न ईमेलने विचारा: सहावीत येणारी मुलगी दहावीला कोणती परीक्षा देईल आणि बारावीला कोणती? अनेक शाळांत मधल्या इयत्तांना एक अभ्यासक्रम, नववी-दहावीला आयजीसीएसई (केंब्रिजची दहावीच्या पातळीची परीक्षा) आणि पुढे डीपी किंवा ए लेव्हल (केंब्रिजची बारावीच्या पातळीची परीक्षा) अशी सांगड असते. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका, लेखी घ्या.

वेळेचंही बघा. नोंदणी सहसा आदल्या वर्षीच सुरू होते आणि मधल्या इयत्तांत कुणी शाळा सोडली तरच जागा होते. सध्याच्या शाळेचा दाखला आधीच काढून ठेवू नका. नव्या शाळेचं प्रवेशपत्र आणि फीची पावती हातात आल्यावरच अर्ज करा. दाखला ताबडतोब द्यायचा आणि तो यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं, पण त्यातला बदलीचा हक्क खासगी विनाअनुदानित शाळेत जाण्यासाठी नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

प्रश्न: फॉर्मवर मुलाचं नाव कसं लिहायचं? जन्मदाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव आहे, पण पासपोर्टवर वडिलांचं नाव नाही. (एक वडील, ठाणे)

उत्तर: आत्ता क्षुल्लक वाटेल, पण दहावीनंतर सर्वात जास्त मनस्ताप याच गोष्टीचा होतो. समजा, जन्मदाखल्यावर 'आर्या संदीप पाटील' आहे, पासपोर्टवर 'आर्या पाटील' आणि आधारवर 'आर्या एस. पाटील'. शाळा फॉर्मवरचं नाव उचलते, तेच परीक्षा मंडळाकडे जातं आणि तसंच प्रमाणपत्रावर छापलं जातं. पुढे प्रवेश परीक्षेचा अर्ज आधारशी जुळेनासा होतो, आणि मग प्रतिज्ञापत्र, नोटरी अशा फेऱ्या सुरू होतात.

म्हणून फॉर्म भरण्याआधीच तिन्ही कागदांवर एकच नाव करून घ्या. जन्मदाखल्यावर मुलाचं नावच नसेल, तर जन्मनोंदणीपासून १५ वर्षांच्या आत ते महापालिकेत चढवता येतं. पुढे केंब्रिजच्या परीक्षेआधी शाळा 'स्टेटमेंट ऑफ एन्ट्री' देते. त्यावर नाव, जन्मतारीख आणि प्रत्येक विषय दिसतो. तो कागद मुलाच्या दप्तरात पडून राहू देऊ नका. स्वतः बसून अक्षर न् अक्षर वाचा.

प्रश्न: मुलगा आयजीसीएसईला आहे आणि त्याला डॉक्टर व्हायचं आहे. आमची वाट चुकली का? (दादर)

उत्तर: चुकलेली नाही, पण विषय मात्र आजच ठरवायला हवेत. आयजीसीएसईत गणितासारख्या विषयांना 'कोअर' आणि 'एक्स्टेंडेड' असे दोन स्तर असतात. कोअर घेतलं तर पेपर कितीही उत्तम गेला तरी सी ग्रेडच्या वर जाता येत नाही. विज्ञानातही 'कम्बाइन्ड सायन्स'ला एकच ग्रेड मिळतो, 'को-ऑर्डिनेटेड'ला दोन. डॉक्टर व्हायचं तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी वेगवेगळे घेतलेले बरे.

खरी मेख बारावीत आहे. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी बारावीला हे तिन्ही विषय आणि इंग्रजी लागतं. ए लेव्हलला तीन विज्ञान विषय सहज बसतात, पण त्या नादात इंग्रजी सुटतं आणि ते लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. डीपीत सहा विषय: दोन भाषा, एक समाजशास्त्रांपैकी, एक विज्ञान, एक गणित आणि सहावा कला किंवा त्याऐवजी आणखी एखादा, म्हणजे दुसरं विज्ञान. नेहमीच्या रचनेत तिसरं विज्ञान बसतच नाही. त्यासाठी शाळेला आयबीकडून खास परवानगी घ्यावी लागते, आणि सगळ्याच शाळा त्या फंदात पडत नाहीत. शिवाय डीपीत ४,००० शब्दांपर्यंतचा निबंध, प्रत्येक विषयाचं अंतर्गत काम आणि वर नीटचा क्लास. मुलाची ओढाताण होते, ती आधीच धरून चाला.

अकरावीला राज्य मंडळाच्या ज्युनिअर कॉलेजात जायचं असेल, तर दहावीची परीक्षा मार्चच्या सत्रात देता येईल का ते शाळेला विचारा. केंब्रिजचं हे सत्र भारतात आहे आणि निकाल मेमध्ये लागतो. मे-जूनच्या सत्राचा निकाल यायला ऑगस्ट उजाडतो, तोवर अकरावीच्या फेऱ्या बऱ्याच पुढे गेलेल्या असतात.

प्रश्न: शाळा फीव्यतिरिक्त 'देणगी' मागते आहे. द्यावी का? (बोरिवली)

उत्तर: प्रवेशाच्या बदल्यात देणगी घ्यायला राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. प्रत्येक रकमेची पावती मागा. नोंदणी शुल्क परत मिळत नाही, अनामत मिळते, पण शाळा सोडण्याची पूर्वसूचना किती आधी द्यायची हे फीच्या कागदावर बारीक अक्षरात असतं. तेवढं सही करण्याआधी वाचा.

प्रश्न: इंटरनॅशनल शाळेत मराठी सुटेल का? (परळ)

उत्तर: नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली आहे. आठवड्याला मराठीच्या किती तासिका होतात, ते मात्र प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवा.