बीपीची गोळी चुकून दोनदा घेतली गेली, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात का?

हो, बिघडू शकतात. तुम्ही लिहिलंय की वडिलांनी मेटोप्रोलॉल विसरून पुन्हा घेतली, नाडी ४६ लागतेय आणि त्यांना गरगरतंय. घरी थांबून वाट पाहू नका. आत्ताच इमर्जन्सीत न्या, त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. उलटी करवू नका. बाकीचं तिथे पोहोचल्यावर वाचा.

मी आयसीयूत नर्स आहे. असा पेशंट आला की आमचा पहिला प्रश्न असतो, गोळी कोणती? अ‍ॅम्लोडिपिन जास्त झालं तर रक्तवाहिन्या सैलावून प्रेशर उतरतं, नाडी उलट पळायला लागते. पण मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, तसंच डिल्टियाझेम, व्हेरापामिल थेट ठोक्यावरच काम करतात. ठोका जिथून निघतो ती जागा मंदावते, आणि वरच्या कप्प्यातून खाली जाणारा संदेश मध्येच अडतो. मॉनिटरवर ते दिसतं: छोटा उंचवटा येतो, त्यामागून उंच टोक यायला हवं, तिथे नुसती सरळ रेघ. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. किडनी कमजोर असेल तर त्यांनी पोटॅशियम वाढतं आणि त्यातून ठोके बिघडतात.

पाकिटावर नावापुढे 'एक्सएल', 'ईआर' किंवा 'एसआर' आहे का, ते जरूर बघा. असं औषध पोटात हळूहळू सुटतं. पेशंट पहिले काही तास छान गप्पा मारतो आणि नाडी नंतर खाली येते. म्हणून अशा वेळी बरेचदा २४ तास मॉनिटरवर ठेवतात. 'बरे आहेत की, सोडा ना' असा आग्रह नातेवाईक करतात, तो तेवढा करू नका.

एक जादा गोळी बहुतेकदा नुसत्या देखरेखीवर निभावते. डोस मोठा असेल तर अ‍ॅट्रोपिन, कॅल्शियम, ग्लुकागॉन, कधी तात्पुरता पेसमेकर लागतो. ग्लुकोजसोबत भरपूर इन्सुलिनही देतात, त्याने हृदयाच्या आकुंचनाला जोर मिळतो. 'यांना तर शुगर नाही!' म्हणून घरचे हमखास दचकतात.

घरी सोडताना पुढचा डोस कधी द्यायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. घाबरून मेटोप्रोलॉल आपल्या मनाने एकदम बंद केली, तर नाडी आणि प्रेशर दोन्ही उसळतात.