क्षेत्र कमी भरलं म्हणून हद्दीचा दगड उपटू नका

प्रश्न: निफाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. सातबाऱ्यावर १ हेक्टर ६२ आर, पण खासगी मोजणीवाल्यानं मशीन लावलं तर १ हेक्टर ५८ आर भरली. पश्चिमेला पाटाची चारी आहे. पूर्वेच्या शेजाऱ्यानं सहा वर्षांपूर्वी जेसीबीनं बांध सपाट करून द्राक्षबाग लावली. त्याची शेवटची ओळ आमच्यात येते, असं मोजणीवाला म्हणतो. कोपऱ्यात बाभळीखाली एक जुना दगड आहे. वडील तोच हद्दीचा दगड म्हणायचे, पण तो धरला तर शेजारीच बरोबर ठरतो. तो काढून नवे खांब रोवून कुंपण घालू का?

उत्तर: नको. दगडाला हातही लावू नका. आज तो तुमच्या विरुद्ध बोलतोय असं वाटतं, तरी तुमच्या शेताचा सगळ्यात जुना साक्षीदार कदाचित तोच आहे. तो हलला की तुमचीच बाजू लंगडी पडेल. शिवाय शासनानं बसवलेली हद्दीची निशाणी हलवणं हा गुन्हा आहे, आणि जमीन महसूल संहितेनुसार आपल्या शेताच्या हद्दीच्या निशाण्या सांभाळण्याची जबाबदारी खातेदारावर, म्हणजे तुमच्यावर आहे.

आता चार आरचं. सातबारा क्षेत्र सांगतो, हद्द दाखवत नाही. हद्द असते टिपणात. इंग्रजी अमदानीत आपल्याकडे मोजणी झाली ती ३३ फुटी साखळीनं. साखळीचे १६ आणे, आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. मोजणीदार शेतातून एक सरळ रेघ धरायचा, शंकूनं, म्हणजे काटकोन पाहायच्या साधनानं, काटकोन काढायचा आणि त्या रेघेपासून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंतचं अंतर साखळी-आण्यांत लिहायचा. हे कच्चं आकड्यांचं पान म्हणजे टिपण. क्षेत्र नंतर त्यावरून गुणाकार करून काढलं. म्हणून दोन्ही जुळत नसतील तर आधी टिपणातली अंतरं बघायची, क्षेत्र सगळ्यात शेवटी. एक आणा म्हणजे जवळपास दोन फूट, तेव्हा त्या काळच्या आकड्यांत थोडं इकडंतिकडं असणारच.

तुमच्या मोजणीवाल्याचं मशीन सेंटिमीटरपर्यंत अचूक असेल. पण त्यानं सुरुवात कुठून केली? तुमच्या पत्रावरून दिसतं की त्यानं आजची वहिवाट मोजली, चार आर कमी भरले, आणि ते भरेपर्यंत पूर्वेची रेघ सरकवली. याला हद्द कायम करणं म्हणत नाहीत. पूर्वेचा बांध २०० मीटर धरला तर चार आर म्हणजे दोन मीटरची पट्टी. ती पूर्वेलाच गेली हे कशावरून? पश्चिमेच्या चारीसाठी कधीकाळी संपादन झालं असेल आणि कमी-जास्त पत्रकाचा, म्हणजे क्षेत्रातला बदल नोंदवणाऱ्या कागदाचा, अंमल सातबाऱ्यावर आलाच नसेल, तर जमीन चारीत गेलेली असते आणि कागदावर तशीच राहते. माझ्याकडं आलेल्या बांधाच्या भांडणांत हे मी अनेकदा पाहिलंय. शेजाऱ्याशी वर्षानुवर्षं बोलणं बंद, आणि जमीन मात्र पाटात. तेव्हा आधी पश्चिमेकडं बघा.

दगडाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. एका मोजणीला मी स्वतः बांधावर उभा होतो. भूकरमापकानं, म्हणजे सरकारी मोजणीदारानं, दगड हलवला नाही. खुरप्यानं बाजूची माती हळूच उकरली. वरचा भाग उन्हापावसानं काळपट, त्यावर शेवाळाचे वाळके डाग. मातीतला भाग फिकट, आणि दोन्हींच्या मध्ये स्पष्ट रेघ. ती रेघ आजच्या जमिनीच्या पातळीशी जुळत होती, म्हणजे दगड बराच काळ तिथंच होता. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. शेजारच्या गटांचे दोन जुने दगड शोधले, तिथून अंतरं घेतली आणि टिपणाशी ताडून पाहिली. ते दोन दगड जुळले, उकरलेला तिसरा जुळेना. तिसरा दगड तितकाच जुना होता, पण आजोबांनी भावाभावांच्या वाटणीत रोवलेला. वाटणीचा दगड घरात मानला जातो, सरकारी मोजणीत तो हद्दीची निशाणी ठरत नाही. तुमचा दगड यातला कोणता, हे नुसतं त्याच्याकडं बघून मला काय, कुणालाच सांगता येणार नाही. जेसीबी फिरल्यामुळं तो कललाही असेल. मग बुडखा कुठं आहे ते महत्त्वाचं, शेंडा नव्हे.

आता कामाला लागा. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून टिपण, गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशेब असलेली वही), गटाचा नकाशा, फाळणी (गटाचे पोटहिस्से) झाली असल्यास तिचा नकाशा, जमिनीचे तुकडे एकत्र करून गट पाडणाऱ्या एकत्रीकरण योजनेचं पत्रक आणि शेजाऱ्याच्या गटाच्या आधीच्या मोजणीची नक्कल मागा. तुमचा गट जुन्या कोणत्या सर्व्हे नंबरातून झाला, ते या कागदांतून कळेल. मग हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. मोजणी शक्यतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर लगेच लावून घ्या. बागेवर पाला असला की रोव्हरला, म्हणजे उपग्रहाच्या आधारे मोजणाऱ्या यंत्राला, वरून सिग्नल नीट मिळत नाही आणि ओळींमधून नजरही जात नाही. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस गेली का ते तपासा. नोटीस चुकली की पुढं सगळीच मोजणी वादात सापडते. मोजणीच्या दिवशी भांडू नका. जे पटत नाही ते जबाबात लिहून सही करा. क प्रत, म्हणजे झालेल्या मोजणीच्या नकाशाची नक्कल, हाती आल्यावरही समाधान नसेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते.

शेजाऱ्यानं ती मोजणीही मानली नाही तर दोन वाटा आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम १३५ नुसार महसुली अधिकाऱ्यापुढं हद्दीच्या वादाची रीतसर चौकशी, आणि हद्द ठरली की कलम १३८ खाली चुकीचा ताबा काढता येतो. दुसरी वाट दिवाणी दाव्याची. त्यात कोर्ट कमिशनर (कोर्टाच्या वतीनं जागेवर जाऊन अहवाल देणारा) म्हणून भूकरमापक नेमण्याचा अर्ज सुरुवातीलाच द्या. हरियाणा वक्फ बोर्ड विरुद्ध शांती सरूप या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हद्दीच्या वादात अशी नेमणूक व्हायला हवी असं सांगितलं आहे. तुमचा खासगी नकाशा तिथं फारसा तग धरणार नाही.

मुदतीचं भान ठेवा. शेजाऱ्याची ओळ सहा वर्षांपूर्वीची असेल तर बारा वर्षांच्या विरुद्ध कब्जाचा (दुसऱ्याची जमीन उघडपणे ताब्यात ठेवून हक्क सांगण्याचा) मुद्दा त्याला आज उपयोगी नाही. पण जुना बांधही तिथंच होता असं निघालं, तर हिशेब बदलतो. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं दिसतात. जेसीबी येण्याआधीचा बांध त्यात दिसतो का ते पाहून ठेवा. तो शेजाऱ्याच्या बाजूनं दिसला तरी मला कळवा, लपवू नका.

आणि उद्या सकाळीच एक काम करा. बाभळीच्या बुंध्यापासून दगडापर्यंत आणि जवळच्या विहिरीच्या काठापासून दगडापर्यंत टेप लावून अंतरं लिहा, चारी बाजूंनी फोटो काढा, आणि गावातल्या दोन जाणत्या माणसांना सोबत घ्या. जमलं तर शेजाऱ्यालाही बोलवा. तो दगड दोघांचा आहे.