तेल शोधणारं ते त्रिकोणी जहाज मागून इतकं रुंद का असतं?

तुम्ही विचारलंय की पाणी कापायला निमुळतं जहाज बरं, मग फोटोतलं हे जहाज इस्त्रीसारखं मागे पसरत का गेलंय? वर्णनावरून ते रामफॉर्म टायटन असावं. २०१३ साली जपानमधल्या नागासाकीत मित्सुबिशीने बांधलेलं. लांबी १०४ मीटर आणि मागची रुंदी तब्बल ७० मीटर!

मी सिस्मिक सर्व्हेच्या (आवाजाच्या लहरींनी समुद्रतळाखालचे थर तपासण्याच्या) जहाजांवर मागच्या डेकवर काम केलंय. तिथे उभं राहिलं की उत्तर लगेच कळतं: सगळं खरं काम मागेच चालतं.

हे जहाज स्वतःमागे स्ट्रीमर ओढतं. स्ट्रीमर म्हणजे हायड्रोफोन (पाण्याखालचे मायक्रोफोन) बसवलेली, आठ-आठ किलोमीटर किंवा त्याहून लांब केबल. एअरगनमधून दाबाखालची हवा पाण्यात सोडतात, तिचा आवाज समुद्रतळाखालच्या खडकांच्या थरांवर आपटून परततो आणि हायड्रोफोन तो टिपतात. बारा स्ट्रीमर शंभर-शंभर मीटर अंतरावर पसरले तर पसारा ११०० मीटर रुंद होतो. प्रत्यक्षात तळाखालची साधारण त्याच्या निम्मी पट्टीच एका फेरीत मोजली जाते, कारण परावर्तनाचा बिंदू एअरगन आणि हायड्रोफोनच्या मधोमध पडतो. म्हणून स्ट्रीमर जितके जास्त, तितक्या फेऱ्या कमी. असं जहाज चालवायला रोज प्रचंड पैसा लागतो, त्यामुळे एकेक फेरी वाचणं मोलाचं.

हे स्ट्रीमर मोठमोठ्या रिळांवर गुंडाळलेले असतात. टायटनवर अशी २४ रिळं आहेत, त्यातली १६ एका ओळीत. रुंद डेकवर प्रत्येक केबल आपापल्या वाटेने पाण्यात उतरते. अरुंद डेकवर त्या एकमेकींत अडकण्याची धास्ती कायम असते, आणि ताणाखालच्या केबलजवळ वावरणाऱ्या माणसांसाठी ती बाब फार गंभीर आहे.

आता पाणी कापण्याचा मुद्दा. सर्व्हे चालू असताना वेग चार-पाच नॉट, म्हणजे तासाला जेमतेम आठ-नऊ किलोमीटर. एवढ्या कमी वेगात जहाजाच्या अंगाला होणारा विरोध किरकोळ. इंजिनाची ताकद मुख्यतः मागचा पसारा ओढण्यात जाते. त्यामुळे रुंदीची किंमत फारशी मोजावी लागत नाही. उलट जहाज कमी डोलतं आणि खराब समुद्रातही काम जास्त वेळ चालतं. टायटनला प्रोपेलर तीन आहेत, तेही याच विचारातून: जहाज थांबलं तर स्ट्रीमरचा ताण जातो, मग ते खाली बसतात किंवा गुंततात.

हा आकार मूळचा तेलासाठी नव्हता, हे मला फार विलक्षण वाटतं. नॉर्वेच्या मार्याता या हेरगिरीच्या जहाजासाठी रोअर रामडे यांनी तो आखला. सिस्मिक सर्व्हे करणाऱ्या पीजीएस कंपनीने तो उचलला आणि १९९५ मध्ये रामफॉर्म एक्सप्लोरर आलं.

सगळ्यांनी हीच वाट धरली नाही. पोलार्कस या दुसऱ्या सर्व्हे कंपनीच्या जहाजांनी उल्स्टाइन या जहाजबांधणी कंपनीचा एक्स-बो, म्हणजे उलटं झुकलेलं नाक, घेतला. तो लाटांचे धक्के कमी करतो. पण मागच्या जागेचा प्रश्न त्याने सुटत नाही, म्हणून माझं मत रामफॉर्मच्या बाजूने आहे.

मात्र मुंबई हायसारख्या प्लॅटफॉर्मांनी दाटलेल्या भागात एवढा पसारा वळवणं अवघडच. अशा ठिकाणी समुद्रतळावरच सेन्सर ठेवण्याची पद्धत जास्त सोयीची ठरते.