टोमॅटो महिना-दोन महिने टिकवायचे असतील तर कुठली जात लावू आणि ठेवू कसे?

नुसत्या जातीच्या मागे लागलात तर फसाल, हे आधीच सांगतो. आमचं जुन्नरकडे थोडं टोमॅटो असतं, माल नारायणगावला जातो आणि घरच्यासाठी मागे ठेवलेल्या कॅरेटवर माझे हे उद्योग चालतात.

गावठी टोमॅटो रश्श्याला एक नंबर, पण साल पातळ, दोन-तीन दिवसांत पाणी सुटतं. टिकायला जाड सालीचा, कडक गराचा हायब्रीडच लागतो. बेंगळुरूच्या आयआयएचआरचा (भारतीय बागायती संशोधन संस्था) अर्का रक्षक बघा, फळ ९०-१०० ग्रॅमचं, बाहेर १५-२० दिवस निघतात. फक्त त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावू नका, तसंच फळ येत नाही.

महिनोन्महिने टिकणारे टोमॅटो खरंच आहेत पण ते इकडचे नाहीत. इटलीत व्हेसुव्हियसच्या उतारावर पिएन्नोलो नावाचा छोटा टोमॅटो होतो, उन्हाळ्यात घोस खुडून दोरीला बांधून टांगतात, आपण मक्याची कणसं आढ्याला टांगतो ना तसं, आणि हिवाळाभर खातात. स्पेनच्या मायोर्का बेटावर रामायेत म्हणून जात आहे, ती पण माळ ओवून टांगतात. स्पेनमधल्या अशा टांगायच्या बऱ्याच जातींत एका जनुकातल्या बदलामुळे पिकायची क्रिया मंदावलेली असते, म्हणून फळ लवकर मऊ पडत नाही. आता तेच बी आणून इथे एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली टांगलं तर काय होणार, उकडलेला टोमॅटो!

म्हणून मी म्हणतो की थंडी गाठा. रोपं सप्टेंबरच्या शेवटी लावली की डिसेंबर-जानेवारीत तोडा चालू असतो आणि रात्री गार असतात. तोडणीच्या आधी चार-पाच दिवस पाणी कमी करा, भरपूर पाणी पिलेलं फळ तडकतं आणि नासतंही लवकर. पण एकदम ताण देऊन मग धो धो सोडू नका, त्याने तर हमखास तडकतं. खुडायचं ते निबर झालेलं, बुडाला नुकता कलर फुटलेलं. कोवळं हिरवं काढलं तर ते पिकत नाही, नुसतं सुकतं. आणि सकाळी दव वाळल्यावरच खुडा, ओलं फळ ठेवलं की बुरशी आलीच.

ठेवताना धुवू नका. कॅरेटमध्ये एकच थर, खाली पेपर, देठाची बाजू खाली, कारण ओलावा जास्त तिथूनच उडतो. एकमेकांना चिकटवू नका. शेजारी केळी, सफरचंद नको, त्यांच्या गॅसने भराभर पिकतात. जागा अंधारी, हवेशीर, १२-१५ डिग्रीची मिळाली तर उत्तम. फ्रिजमध्ये मी एकदा कच्चे ठेवले होते, बाहेर काढल्यावर डाग पडले आणि लाल काही होईनात, सगळे ढोरांपुढे टाकले. कच्च्याला फ्रिज नकोच, पूर्ण लाल झाल्यावर चार दिवस ठेवायला हरकत नाही.

आणि दर दोन दिवसांनी हात फिरवायचाच, एक सडका राहिला की शेजारचे चार गेले.

एवढं करून डिसेंबरात खुडलेले मी संक्रांतीनंतरपर्यंत खाल्लेत, म्हणजे महिना-सव्वा महिना. दोन महिने मला तरी कधी जमलं नाही. चवीचं विचाराल तर चटणीला, सारला चालतात, कोशिंबिरीला मात्र ताजेच आणा.