वाचकांचे प्रश्न : डीजे सेटच्या ध्वनिमुद्रणासाठी रेकॉर्डर कसा निवडावा?

प्रश्न : मी निरनिराळ्या क्लबांत दोन ते चार तासांचे सेट वाजवतो. लॅपटॉप बरोबर नेत नाही आणि मिक्सर दर ठिकाणी वेगळा असतो. आतापर्यंत मोबाइल स्पीकरजवळ ठेवून ध्वनिमुद्रण केले, पण त्यात बास फाटतो आणि संगीतापेक्षा गर्दीचा गोंगाटच जास्त ऐकू येतो. आता खिशात मावेल असा डिजिटल रेकॉर्डर घ्यायचा आहे. जाहिरातींत मायक्रोफोन, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट यांविषयी पुष्कळ लिहिलेले असते. नेमके काय पाहून निवड करावी?

उत्तर : जाहिरातींत ज्या गोष्टी ठळक अक्षरांत छापतात, त्यांपैकी बहुतेक आपल्या कामाच्या नाहीत. हातात धरायचे रेकॉर्डर प्रामुख्याने मुलाखती, गायन-वादन आणि भोवतालचे आवाज टिपण्यासाठी घडवलेले असतात, त्यामुळे त्यांची पारख मायक्रोफोनवरून करण्याची पद्धत पडली आहे. डीजेचे संगीत मात्र मिक्सरमधून सिग्नलच्या रूपात तयार होऊनच बाहेर पडते. ते आधी हवेत सोडायचे आणि मग मायक्रोफोनने पुन्हा गोळा करायचे, याला काही कारण नाही. केबलने ते थेट रेकॉर्डरमध्ये घेतले की मायक्रोफोन कितीही उत्तम असला तरी त्याचा प्रश्नच उरत नाही. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा की या रेकॉर्डरला लाइन इनपुट, म्हणजे मिक्सरसारख्या उपकरणाचा सिग्नल केबलने घेणारे सॉकेट, आहे का, आणि ते किती जोराचा सिग्नल न फाटता घेऊ शकते.

मायक्रोफोनचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो. घरगुती उपकरणांचा लाइन सिग्नल साधारण ०.३२ व्होल्टचा, म्हणजे उणे १० डीबीव्ही असतो, तर व्यावसायिक उपकरणांचा १.२३ व्होल्टचा, म्हणजे अधिक ४ डीबीयू असतो. या दोन लाइन पातळ्यांतच जवळजवळ १२ डेसिबलचे अंतर आहे, आणि मिक्सरचे मीटर लाल दिव्यांपर्यंत गेले की व्यावसायिक आउटपुटचा दाब या आकड्याच्याही कित्येक पट होतो. लहान रेकॉर्डरच्या ३.५ मिलिमीटरच्या इनपुटमध्ये हा सिग्नल शिरला तर ध्वनी अंकांत बदलण्यापूर्वीच, आतल्या ॲनालॉग भागातच, त्याची शिखरे कापली जातात. अशा वेळी रेकॉर्डिंग लेव्हल कमी करूनही उपयोग होत नाही, कारण पुष्कळ रेकॉर्डरांत ती लेव्हल कापाकापी झाल्यानंतरच्या टप्प्यावर बदलते. मीटर कमाल मर्यादेच्या बरेच खाली एका ठरावीक उंचीवर अडकून राहते आणि आवाज फाटलेला असतो, हे त्याचे लक्षण होय. माहितीपुस्तिकेत इनपुटची कमाल पातळी दिलेली असते. मायक्रोफोनच्या वर्णनाची पाने उलटून आधी ती ओळ शोधावी.

आता मिक्सरच्या कोणत्या आउटपुटमधून सिग्नल घ्यायचा ते पाहू, कारण रेकॉर्डरची निवड पुष्कळशी यावरच ठरते. क्लबांतील बहुतेक मिक्सरांना ‘रेक आउट’ हे आरसीए सॉकेटचे आउटपुट असते. मास्टरचे बटण फिरवले तरी सहसा त्याची पातळी बदलत नाही, त्यामुळे मध्येच कोणी हॉलमधला आवाज कमी-जास्त केला तरी आपले ध्वनिमुद्रण स्थिर राहते. बूथ आउट, म्हणजे डीजेजवळच्या स्पीकरसाठीचे आउटपुट, शक्यतो घेऊ नये; आपण स्वतःच त्याचे बटण रात्रभर फिरवत असतो आणि ती प्रत्येक फिरवाफिरव फाइलमध्ये उतरते. हेडफोनचे आउटपुट तर नकोच, कारण पुढच्या गाण्याची चाचपणी त्यातूनच होते. रेक आउटपासून दोन आरसीए पिनांकडून एका स्टिरिओ मिनी पिनेकडे जाणारी साधी केबल लहान रेकॉर्डरला पुरते. झूम एच१एन, टॅसकॅम डीआर-०५एक्स व डीआर-०७एक्स, रोलँड आर-०७, सोनी पीसीएम-ए१० हे सगळे या वर्गातले आहेत आणि आपले वर्णन वाचता माझा कौल याच वर्गाला आहे.

मात्र काही ठिकाणी रेक आउटला आधीच दुसरी केबल जोडलेली असते, किंवा सिग्नल मुख्य साउंड कन्सोलकडून एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या व्यावसायिक केबलने घ्यावा लागतो. हे आपल्याबाबत वारंवार घडत असेल तर एक्सएलआर आणि जाड पिन दोन्ही घेणारी दोन सॉकेट असलेला थोडा मोठा रेकॉर्डर घ्यावा. टॅसकॅम डीआर-४०एक्सवर लाइन, माइक आणि फँटमसह (केबलमधूनच मायक्रोफोनला दिलेल्या विजेसह) माइक असा खटकाच आहे. झूम एच५मध्ये या सॉकेटांसाठी २० डेसिबलची पॅड, म्हणजे आत येणारा सिग्नल तेवढा कमी करणारी सोय, आहे. फँटम पॉवर मात्र बंद आहे याची खातरजमा केल्याशिवाय मिक्सर जोडू नये, कारण मिक्सरच्या आउटपुटमध्ये उलट दिशेने ४८ व्होल्ट सोडण्यात धोकाच आहे. याच कारणाने मिनी सॉकेट वापरताना मायक्रोफोनसाठीची प्लग-इन पॉवरही बंद ठेवावी.

येथे एका फसव्या चुकीविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. बॅलन्स्ड (एकच सिग्नल सरळ आणि उलटा अशा दोन तारांतून पाठवणाऱ्या) मोनो आउटपुटची तीन भागांची पिन दिसायला स्टिरिओ पिनेसारखीच असते, म्हणून काही जण साध्या ॲडॉप्टरने ती स्टिरिओ मिनी इनपुटला जोडतात. तसे केल्यास डावीकडे मूळ सिग्नल आणि उजवीकडे त्याचाच उलटा सिग्नल नोंदला जातो. हेडफोनवर ते ध्वनिमुद्रण थोडे विचित्र पण चालण्यासारखे वाटते. एका स्पीकरच्या मोबाइलवर वाजवले की दोन्ही बाजू एकमेकींना खोडून काढतात आणि संगीत जवळजवळ नाहीसे होते. तेव्हा डाव्या आणि उजव्या बाजूंसाठी दोन स्वतंत्र आउटपुट घेतलेलीच केबल वापरावी.

इनपुटनंतर पाहायचे ते वेळेचे गणित. ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटांची स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते, तर ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांची सुमारे १.०४ गिगाबाइट. त्यामुळे ३२ गिगाबाइटचे कार्ड कोणत्याही रात्रीला पुरून उरते. अडचण एकेका फाइलच्या आकाराची असते. काही रेकॉर्डर २ गिगाबाइटला नवी फाइल सुरू करतात, म्हणजे ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटांवर साधारण दोन तास चार मिनिटांनी. चार तासांच्या सेटमध्ये हा सांधा येणारच. दोन फाइली एकही नमुना न गमावता जुळतात का, की मध्ये क्षणभर खंड पडतो, हे खरेदीपूर्वी तपासून घ्यावे, कारण नेमक्या मिक्सच्या मधोमध पडलेला खंड नंतर कोणत्याही उपायाने भरून निघत नाही. ९६ किलोहर्ट्झचा मोह धरू नये. आपण वाजवतो त्या फाइली बहुधा ४४.१ किलोहर्ट्झच्याच असतात, माणसाचे कान २० किलोहर्ट्झच्या पलीकडे ऐकत नाहीत, आणि फाइल मात्र दुपटीने फुगते. २४ बिटांचा मात्र खरा उपयोग आहे, कारण त्यामुळे लेव्हल निर्धास्तपणे खाली ठेवता येते.

ती लेव्हल सुरुवातीच्या भरगच्च गाण्याच्या वेळी अशी लावावी की शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील (शून्य ही मीटरची कमाल मर्यादा). रात्र चढत जाते तसा बहुतेक सर्वांचाच हात वर सरकतो, आणि तेवढी मोकळी जागा आधीच राखलेली बरी. आपोआप लेव्हल जुळवणारी सोय, लिमिटर आणि लो-कट या तिन्ही गोष्टी बंद कराव्यात. पहिल्या सोयीमुळे शांत भाग फुगतो आणि ड्रॉप (बीट जोरात परतण्याचा क्षण) दबतो, लिमिटर प्रत्येक किकवर आवाज आवळतो, आणि लो-कट तर ज्या खालच्या वारंवारतांवर हे संगीत उभे आहे त्याच कापून टाकतो.

सेल की आतली बॅटरी, हा पुष्कळसा सवयीचा प्रश्न आहे. एच१एन आणि डीआर-०५एक्स साध्या सेलांवर चालतात, पीसीएम-ए१० चार्ज करावा लागतो. वाटेत बदलता येतात म्हणून मी सेलांच्या बाजूने आहे. भिंतीतल्या वीजपुरवठ्यावर रेकॉर्डर चालवू नये, कारण मिक्सर आणि ॲडॉप्टर यांच्यात अर्थिंगचे वर्तुळ तयार होऊन सततची गुणगुण ध्वनिमुद्रणात शिरू शकते. सेलांवर चालणाऱ्या रेकॉर्डरमध्ये ते वर्तुळच पूर्ण होत नाही. वीज अचानक गेल्यास फाइल अर्धवट राहून न उघडण्याचा धोकाही त्यामुळे टळतो.

शेवटी बटणांकडे लक्ष द्यावे. टॅसकॅमच्या डीआर-०५एक्ससह पुष्कळ रेकॉर्डरांत रेकॉर्डचे बटण एकदा दाबल्यावर ध्वनिमुद्रण सुरू होत नाही. दिवा लुकलुकतो, मीटर हलते, पण सेकंदांचा आकडा पुढे सरकत नाही. ते बटण दुसऱ्यांदा दाबावे लागते. अंधारात, घाईत, असंख्य सेट याच एका कारणाने हुकतात. म्हणून लुकलुकणारा आणि स्थिर दिवा दुरूनही वेगळे ओळखता येतील, सेकंदांचे आकडे मोठे दिसतील आणि चुकून हात लागू नये म्हणून होल्डचा खटका असेल, असाच रेकॉर्डर निवडावा. या तीन गोष्टींना मी ध्वनीच्या गुणवत्तेतील बारीकसारीक फरकांपेक्षा अधिक मोल देईन.

प्रश्न : मी नेहमी स्वतःच्याच कंट्रोलरवर आणि लॅपटॉपवर वाजवते. सॉफ्टवेअरमध्येच रेकॉर्डचे बटण आहे. मग वेगळा रेकॉर्डर घ्यावा का?

उत्तर : सगळी गाणी आपल्या डिस्कवर असतील आणि बोलण्यासाठी माइक वापरत नसाल, तर घेण्याची गरज नाही. रेकॉर्डबॉक्स, सेराटो आणि ट्रॅक्टर या तिन्हींत ध्वनिमुद्रणाची सोय आहे. पायोनियरच्या एक्सडीजे-आरएक्स मालिकेतील यंत्रे तर लॅपटॉपशिवाय थेट यूएसबी स्टिकवर वेव्ह फाइल लिहितात. मात्र स्ट्रीमिंग सेवेतील गाणी वापरताना रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो यांत ही सोय बंद होते. तसेच काही कंट्रोलरांत माइकचा आवाज यंत्रातच मिसळला जातो आणि सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे आपले बोलणे फाइलमधून गायब असते. लॅपटॉप मध्येच अडकला तर संगीताबरोबर ध्वनिमुद्रणही जाते, हे तिसरे कारण. यांपैकी एकही गोष्ट लागू असेल तर लहान रेकॉर्डर जरूर घ्यावा.

प्रश्न : ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर घेतला की लेव्हल लावावीच लागत नाही आणि आवाज कधीच फाटत नाही, असे सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धे खरे आहे. झूम एफ३, झूम एच१एसेन्शियल, टॅसकॅम पोर्टाकॅप्चर एक्स८ यांसारख्या रेकॉर्डरांत ही सोय आहे. फ्लोट पद्धतीत अंकांची व्याप्ती इतकी मोठी असते की शून्य डेसिबलच्या वर गेलेली शिखरेही फाइलमध्ये शाबूत राहतात आणि नंतर खाली आणता येतात. एका सिग्नलसाठी कमी आणि जास्त संवेदनेचे दोन कन्व्हर्टर (सिग्नल अंकांत बदलणारे भाग) एकाच वेळी वापरले की तेवढी व्याप्ती प्रत्यक्षातही मिळते. पण आपल्या सॉकेटच्या ॲनालॉग मर्यादेपलीकडचा सिग्नल आला तर तो आधीच कापला गेलेला असतो, आणि मिक्सरमध्येच लाल दिवे सतत पेटत असतील तर फाटलेला आवाज तितक्याच प्रामाणिकपणे नोंदला जातो. म्हणून इनपुटची कमाल पातळी पाहण्याचे वर दिलेले कारण येथेही तसेच लागू आहे. सेट वाजवताना लेव्हलकडे पाहायला सवड नसणाऱ्याला ही सोय घेण्यासारखी आहे. फक्त १६ किंवा २४ बिटांत रूपांतर करण्यापूर्वी सर्वांत उंच शिखर शून्याच्या खाली आणायला विसरू नये, नाहीतर वाचवलेली शिखरे तिथे कापली जातील.

प्रश्न : मिक्सरवरून घेतलेले ध्वनिमुद्रण स्वच्छ असते, पण निर्जीव वाटते. लोकांचा प्रतिसादही हवा असेल तर कसा टिपावा?

उत्तर : त्यासाठी केबलमधून येणारे दोन आणि मायक्रोफोनचे दोन असे चार ट्रॅक एकाच वेळी स्वतंत्रपणे नोंदवणारा रेकॉर्डर घ्यावा, डीआर-४०एक्स आणि एच५ दोन्ही हे करतात. मायक्रोफोन अर्थातच स्पीकरकडे नव्हे तर लोकांकडे तोंड करून ठेवावेत, आणि लो-कट येथे, फक्त मायक्रोफोनच्या ट्रॅकला, अवश्य लावावा, म्हणजे बूथच्या स्पीकरचा गढूळ बास त्यात साचणार नाही. दोन वेगळी यंत्रे वापरून नंतर फाइली जुळवण्याचा मार्गही आहे, पण तो कष्टाचा आहे: दोन यंत्रांच्या घड्याळांत लाखात तीन भाग इतका जरी फरक असला, तरी तीन तासांच्या अखेरीस दोन्ही फाइली एक तृतीयांश सेकंदाने सुटतात आणि मधल्या मधल्या जागी पुन्हा जुळवाव्या लागतात.

एकाच यंत्रातही एक दुरुस्ती मात्र करावी लागते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने येतो, त्यामुळे मुख्य स्पीकर मायक्रोफोनपासून १० मीटरवर असल्यास त्यांचे संगीत केबलच्या संगीतापेक्षा साधारण २९ मिलिसेकंद उशिरा नोंदले जाते आणि प्रत्येक किक दुहेरी ऐकू येते. संपादनाच्या वेळी मायक्रोफोनचे ट्रॅक तेवढे अलीकडे सरकवावेत, एरवी ते केबलच्या ट्रॅकहून १५ ते २० डेसिबल खाली ठेवावेत, आणि ज्या ज्या क्षणी लोक ओरडतात तेवढ्याच जागी हळूहळू वर आणावेत.